मला वरण चालत नाही

माझ्या आयुष्यातले नऊ दिवस मला धड आठवत नाहीत. ते मी दुसऱ्यांना विचारून विचारून जमवले आहेत. नवरा एक सांगतो, सासूबाई वेगळंच सांगतात, आणि माझी माय तर त्या दिवसांचं नाव काढलं की उठून कामाला लागते.

हे लिहायला मला डॉक्टर इंगोल्यांनी सांगितलं. त्यांच्या वॉर्डात भंडाऱ्याकडची एक बाई आली आहे. बाळंतपणानंतर घरच्यांना ओळखेनाशी झाली, माझ्यासारखीच. डॉक्टर म्हणाले, "तिच्या घरच्यांना समजावून मी थकलो. तुम्ही लिहून द्या, तुमचं ऐकतील." मला लिहायची सवय नाही. मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर आहे, माझी नोकरी बोलण्याची. तेव्हा बोलते तसंच लिहिते. आधीच सांगून ठेवते, मी पूर्ण बरी झालेली नाही आणि होणारही नाही. पण नोकरी करते, मुलीची वेणी घालते, आणि आज काय वार आहे ते मला माहीत असतं. शेवटची गोष्ट तुम्हाला क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही.

नखरे

लहानपणापासून मी वरण खात नसे. दूध नाही, अंडं नाही, मटण तर नाहीच. आमचं घर साधं. बाबा गिरणीत, माय घरी विड्या वळायची. मटण आमच्याकडे सणासुदीला, आणि अंडं म्हणजे कोणी आजारी असलं तर. अशा घरात पोरीनं ताटातलं सारून ठेवायचं म्हणजे काय, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच कळायचं की ते खाल्लं की डोकं दुखतं, उलटी होते आणि मग दिवसभर झोप येते. मी कोणाला हे नीट सांगितलंच नाही. आवडत नाही, एवढंच सांगायची. पोरांना आवडत नाही म्हणजे नखरे, असं सगळ्या जगाचं ठरलेलं आहे.

लग्न झालं तेव्हा मी तेवीसची होते. नवरा प्रकाश, पाटबंधारे खात्याच्या ऑफिसात ट्रेसर. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढायचे, त्यांच्या प्रती करायच्या, हे त्याचं काम. त्याचं घर पारशिवनीकडचं, शेतीचं. सासूबाई दर हिवाळ्यात घरच्या तुरीची डाळ स्वतः भरडून आमच्याकडे आणत. त्या डाळीचं वरण सुनेनं नुसतं तोंडाला लावून ठेवलं, याचा त्यांना राग यायचा. राग त्या बोलून दाखवत नसत. फक्त पुढच्या वेळी डाळ जास्त आणत.

बाळंतपण

सुजाता झाली त्या वेळी सासूबाई दोन महिन्यांसाठी आल्या. सोबत डिंकाचे लाडू, खारीक, हळीव, घरचं तूप. तिसऱ्या दिवसापासून पाय्याचं सूप सुरू झालं. सकाळी दुधात हळद, दुपारी वरण-भात, संध्याकाळी परत सूप, वर दोन उकडलेली अंडी.

"आई, मले नाही जात ते," मी म्हटलं.

"बाळंतिणीनं नाही म्हणाचं नसते," त्या म्हणाल्या. "तुह्यासाठी नाही सांगून राहिली मी. पोरीले दूध कुठून येईन?"

मी नाक दाबून प्यायले. दोन दिवस सगळं प्यायले. त्यांनी इतक्या मायेनं कोणाला भरवलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मीही आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं खात होते.

पाचव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. मग मला एका जागी बसवेना. पलंगावर बसले की उठावंसं वाटे, उठले की दारापर्यंत जावंसं वाटे, दारापर्यंत गेलं की कशाला आलो ते आठवेना. सुजाताची दुपटी मी घडी करायची, उलगडायची, परत घडी करायची. माय तेव्हा आमच्याकडेच होती. ती म्हणाली, "पड ना वं जराशी." मी पडले आणि लगेच उठले. शब्द चुकायला लागले. पाळणा म्हणायचं आणि तोंडातून पंखा निघायचं. आपलं चुकलं हे मला कळत होतं. दुरुस्त करायला जायची आणि तिसराच शब्द निघायचा. त्या आजारातली मला खरी आठवणारी भीती हीच. दुखण्याची नाही. तोंड आपलं आणि त्यातून येणारं आपलं नाही, याची.

त्यानंतरचं ऐकीव आहे.

ऐकीव दिवस

सातव्या दिवशी मायनं सुजाताला माझ्याजवळ दिलं तर मी विचारलं म्हणे, "ही कोणाची होय?" चेष्टा वाटून माय हसली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी कानावर हात धरून नंबर सांगत बसायची. अमरावती लाईनवर आहे, बोला. जबलपूर व्यस्त आहे, थांबा. सासूबाई वाटी घेऊन आल्या तर मी ती वाटी उडवली. गरम सूप त्यांच्या हातावर सांडलं. त्या हातावरचा डाग अजून आहे. त्यांनी त्याबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. मीच तो डाग पाहत राहते.

शेजारच्या बाईनं बाहेरचं झालं असावं असं सुचवलं आणि एका माणसाचा पत्ता दिला. प्रकाशनं तिला दारातूनच परत पाठवलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरात हे चालायचं नाही, असं तो म्हणाला. पण मनातून तोही घाबरला होता. तो मला धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी नीट तपासलं. बाळंतपणानंतर काही बायकांच्या मनावर परिणाम होतो, असं समजावलं, झोपेचं इंजेक्शन दिलं, आणि मनोरुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून दिली. त्यांना मी दोष देत नाही. माझ्याकडे पाहून कोणीही हेच म्हटलं असतं.

प्रकाशनं ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि दोन दिवस काढली नाही. घरात तेवढ्यावरून भांडण झालं. सासूबाई म्हणत, "घेऊन जाय बाप्पा, पोरीले काही करून टाकलं तं?" माय म्हणे, "पागलखान्यात टाकली तं माही पोरगी परत येत नाही." दोघीही बरोबर होत्या आणि दोघीही रडत होत्या. मी म्हणे खोलीत येरझारा घालत होते.

अकराव्या दिवशी माझ्या येरझारा थांबल्या. घरच्यांना बरं वाटलं, निजली एकदाची. पण दुपार झाली तरी मी उठेना. हलवलं की डोळे उघडायची, की परत मिटायची. प्रकाशनं रिक्षा आणली. तो मला मनोरुग्णालयात नेणार होता. वाटेत त्यानं रिक्षावाल्याला मोठ्या सरकारी दवाखान्याकडे वळायला सांगितलं. का, असं मी त्याला किती वेळा विचारलं. तो म्हणतो, "तू श्वास लई जोरात घेऊन राहिली होती. पागल माणूस असा श्वास काहून घेईन, असं वाटलं."

एवढंच.

काय खात नाही?

कॅज्युअल्टीत त्या दिवशी डॉक्टर इंगोले होते. तरुण, किरकोळ अंगाचे, चिडके. त्यांनी मला चिमटा काढून उठवलं आणि हात समोर धरायला लावले. माझी मनगटं आपोआप फडफडायला लागली. ते पाहून त्यांनी खुर्ची ओढली आणि घरच्यांना प्रश्न विचारायला बसले. कावीळ झाली होती का, कुठलं औषध खाल्लं का, दारू पिते का. सगळ्याला नाही.

मग त्यांनी विचारलं, "ही काय खात नाही?"

आजवर सगळ्यांनी काय खाल्लं तेच विचारलं होतं. सासूबाईंच्या मनात साचलेलं सगळं बाहेर आलं. "वरण खात नाही, दूध पीत नाही, अंड्याले शिवत नाही, मटणाचा वास घेत नाही. पहिल्यापासून असीच नखऱ्याची. आता बाळंतपणात मी जबरदस्तीनं चारलं म्हणून."

"किती दिवस चारलं?"

सासूबाईंनी बोटं मोजली. मोजता मोजता त्या थांबल्या. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीतरी पाहिलं असावं.

मग डॉक्टर मायकडे वळले. "तुम्हाला हिच्याशिवाय किती मुलं?"

माय माझं पांघरूण नीट करत राहिली. प्रकाशला वाटलं तिला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी परत विचारलं. तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, "दोन पोरं झाले होते. एक हिच्या आधी, एक हिच्यानंतर. एक तिसऱ्या दिवशी गेला, एक चवथ्या."

"कशानं?"

"चांगले होते जी. पीत होते. मंग निजूनच राहत. उठवलं तं उठत नव्हते."

ही गोष्ट मला माहीत नव्हती. सव्वीस वर्षं मी तिची एकुलती एक होते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी प्रकाशला बर्फ आणायला पाठवलं. रक्तातला अमोनिया मोजायचा तर रक्त काढल्या काढल्या बर्फात ठेवावं लागतं, नाहीतर आकडा खोटा येतो. दवाखान्यात त्या वेळी बर्फ नव्हता. प्रकाश फाटकाबाहेरच्या उसाच्या रसवंतीवर पळाला आणि भुसा लागलेली लादी गोणपाटात गुंडाळून छातीशी धरून आला. ते रक्त डॉक्टरांनी स्वतः कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या मॅडम घरी निघाल्या होत्या, त्यांनी पर्स परत टेबलावर ठेवली. संध्याकाळी डॉक्टर आले, माझ्या नळीला ग्लुकोजची बाटली लावली आणि सासूबाईंना म्हणाले, "हिला काही वेड लागलेलं नाही."

प्रकाशनं खिशातली चिठ्ठी तेव्हा फाडली असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. त्याच्या ती लक्षातच राहिली नाही. शर्ट धुवायला पडला आणि चिठ्ठीचा लगदा झाला.

वॉर्ड

तेराव्या दिवशी मला खिडकी दिसली. खिडकी आहे, हे कळलं. मग माझे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले आहेत हे कळलं, कारण मी सलाईन उपसून टाकत होते.

वॉर्डाचा दिवस पहाटेच्या झाडूनं सुरू व्हायचा. मग थर्मामीटर, मग एनिमा. लाजून लिहीत नाही असं नको व्हायला म्हणून लिहिते, दिवसातून दोनदा एनिमा. आतड्यात जे आहे तेही बाहेर काढायचं असतं. पहिल्या दिवशी मी रडले, तिसऱ्या दिवशी मी स्वतःहून कूस बदलत होते. खायला साखरेचं पाणी, भाताची पेज. मग डॉक्टरांचा राउंड. ते रोज तेच विचारायचे. नाव काय, वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा. मग कागदावर चांदणी काढायला लावायचे. माझी पहिली चांदणी पाहिली तर ती माशी चिरडल्यासारखी दिसते. प्रकाशनं त्या सगळ्या जपून ठेवल्या आहेत, नकाशाचा माणूस. रोजच्या चांदणीवरून तो घरी जाऊन सांगायचा, आज बरी आहे, आज नाही.

पाय शांत राहत नसत. चादरीखाली ते आपले चालतच. डॉक्टर म्हणाले जाईल. गेलं, पण महिना लागला.

सुजाताला वॉर्डात आणायला बंदी होती. सासूबाई तिला घेऊन वऱ्हांड्यात उभ्या राहत. वॉर्डातल्या आयाबाई, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही याचं मला वाईट वाटतं, त्या वेळी येऊन माझ्या हातांच्या पट्ट्या सोडत. "पोरीनं मायचे हात बांधलेले पाहू नये," म्हणत. ती पंधरा दिवसांची पोर, तिला काय दिसणार होतं. पण त्या रोज सोडत आणि रोज परत बांधत.

मी घरी गेले तोवर माझं दूध आटलं होतं. ज्या दुधासाठी मी एवढं सगळं प्यायले ते दूध.

नाकाला माहीत होतं

आजाराची माहिती पुस्तकात मिळेल, मी फक्त मला जसं समजावलं ते सांगते. आपण डाळ, दूध, मटण खातो त्यात प्रोटीन असतं. शरीर त्याचे बारीक तुकडे करतं, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. लागतील तेवढी अंगात वापरली जातात, उरलेली मोडली जातात. मोडताना त्यातून अमोनिया सुटतो आणि तो विषारी असतो. यकृत लगेच त्याचा युरिया करतं आणि आपण तो लघवीतून टाकून देतो. कुत्रं, गाय, माणूस, सगळ्यांचं असंच चालतं. माझ्या यकृतात त्या कामाची एक पायरी जन्मापासून कमजोर आहे. थोडं असलं की निभतं. जास्त आलं की अमोनिया रक्तात साचतो आणि डोक्यात जातो.

डॉक्टर हे सांगत असताना प्रकाश मध्येच म्हणाला, "अमोनिया? आमच्या प्रिंटवाला?"

त्याच्या ऑफिसात नकाशांच्या प्रती अमोनियाच्या वाफेवर काढत. ते यंत्र सुरू झालं की डोळ्यांतून पाणी यायचं, लोक खिडक्या उघडायला धावायचे. डॉक्टर म्हणाले, हो तोच. प्रकाश माझ्याकडे वळला. मग मला म्हणाला, "त्या खोलीत मले पाच मिनिटं थांबवत नाही. तू नऊ दिवस होती."

माझ्या आजाराबद्दल कोणी बोललेलं सगळ्यात समजूतदार वाक्य हेच होतं.

आजाराचं नेमकं नाव पक्कं करणारी तपासणी इकडे होत नाही. जे आहे ते लक्षणांवरून, माझ्या रक्तावरून आणि मायनं सांगितलं त्यावरून. औषध म्हणून एक पांढरी पावडर मिळाली. संत्र्याच्या सरबताच्या बाटल्या टिकाव्यात म्हणून जे घालतात तेच, सोडियम बेन्झोएट, फक्त औषधाच्या प्रतीचं. डॉक्टरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचून मागवलं होतं. चव अशी की ती घेतल्यावर मला पहिल्यांदा वरण बरं वाटलं.

घर

घरी आल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात जाईनात. दोन दिवस मायनं केलं. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"मीच तुले चारलं," त्या म्हणाल्या. "तू नाही म्हणत होती, अन् मी वाटी तोंडाले लावत होती."

"तुमाले काय मालूम, आई?"

"तुले तं मालूम होतं. तुह्या जिभेले मालूम होतं." मग म्हणाल्या, "आता मले लिहून दे, काय द्याचं अन् किती."

त्यांना वाचता येत नव्हतं. प्रकाशनं ट्रेसिंगच्या कागदावर चित्रं काढून दिली. भाताची वाटी, साबुदाणा, बटाटा, साखर, आणि वरणाचा एक चमचा, अर्धा भरलेला. तो कागद चुलीमागच्या भिंतीवर लागला. त्या अर्ध्या चमच्यावर त्या इतक्या कडक झाल्या की मी पाऊण मागितला तरी मिळत नसे.

आणि तरीही मी परत पडले. दोष माझा. मी इतकी घाबरले होते की प्रत्येक घास मला संशयाचा वाटे. साडेतीन महिन्यांनी मला ताप आला. तापात जेवण जाईना, आणि मला आतून बरंच वाटलं. काही खाल्लंच नाही तर काही मोडणार नाही, साचणार नाही. दोन महिने कधीच उलटले होते तरी सासूबाई माझ्यासाठी थांबल्या होत्या; त्या पेज घेऊन यायच्या, मी हळूच मोरीत ओतायची. दोन दिवस निव्वळ पाण्यावर राहिले. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि मी ड्यूटीवर गेले.

बोर्डावर बसले. अकोल्याचा कॉल मी अमरावतीला जोडला. दुरुस्त केला. पुढचा पुन्हा चुकला. गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकू येत होतं पण शेवटाकडे येईपर्यंत सुरुवात निसटत होती. मग मला पाय जाणवले. टेबलाखाली ते चालायला लागले होते.

मला बोलायचा भरवसा नव्हता. तोंडातून काय निघेल कोण जाणे. कॉल नोंदायचा कागद, ज्याला आम्ही तिकीट म्हणतो, तो मी उलटा केला, त्यावर "अमोनिया, इंगोले" एवढंच लिहिलं आणि शेजारच्या बोर्डावरच्या मैत्रिणीपुढे सरकवलं. तिला माझी हकीकत माहीत होती. तिनं हेडफोन काढला, माझा दंड धरला आणि सायकल रिक्षात घातलं. सगळ्या वाटेत ती मला माझं नाव विचारत राहिली.

या वेळी मी शुद्धीत असतानाच ग्लुकोज लागलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पलंगाशी आले.

"काय खाल्लं होतं?"

"काहीच नाही. दोन दिवस काहीच नाही." मला शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

ते चिडले. "कोणी सांगितलं उपाशी राहायला? बाहेरून मिळालं नाही तर शरीर स्वतःचं मांस मोडायला घेतं. तेही प्रोटीनच. तुम्ही स्वतःला खात होता. उपास तुम्हाला मटणापेक्षा वाईट." मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बाळंतपणानंतरही तेच झालं. पोटातली पिशवी आकसते तेव्हा तिचं मांस विरघळतं. सासूबाईंच्या सुपानं भर घातली, पण सुरुवात कदाचित तुमच्या अंगानंच केली होती."

हे मी घरी जाऊन सासूबाईंना आधी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते मला सांगता येणार नाही.

ज्यांच्या घरी असा रोगी आहे त्यांनी माझं एवढं लक्षात ठेवावं. कमी वरण म्हणजे कमी जेवण नव्हे. तापात, उलटीत, जेवण बंद पडलं की साखरेचं पाणी पाजत दवाखाना गाठा.

मायला सांगावं की नाही

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून एक गोष्ट सांगितली होती. हा दोष आईकडून येतो. मुलीत आला तर ती माझ्यासारखी निभावून नेऊ शकते. मुलात आला तर बहुतेक वेळा आठवडाही निघत नाही. मला मुलगा झाला तर निम्मी शक्यता. प्रकाशनं त्याच आठवड्यात स्वतःचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. सासूबाईंनी एकदा म्हटलं, "एक पोरगा पाहाचा होता." प्रकाश म्हणाला, "पाहाले मिळन आई, तीन दिवस." त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. सुजाताचं काय आहे ते आम्हाला माहीत नाही. ती दोन अंडी मागून खाते आणि मी तिच्या तोंडाकडे पाहत बसते.

पण मला त्याहून माय सतावत होती. तिचे दोन मुलगे कशानं गेले ते आता मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. प्रकाशला मी विचारलं, सांगू का. तो म्हणाला, "नको. पंचवीस वर्षं झाले." चार महिने मी रोज ठरवत होते आणि रोज मोडत होते.

शेवटी एका दुपारी तिच्याकडे गेले. ती सुपडं मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. पान, तंबाखू, वळणं, दोरा. माझं बोलणं संपल्यावर तिनं चार-पाच विड्या वळल्या आणि म्हणाली,

"म्हणजे माह्या दुधानंच."

मी म्हटलं, "तसं नाही वं माय." मग समजावायला गेले आणि मला ते जमेना. दुधात प्रोटीन असतं, ते त्यांना सोसलं नाही, हे मीच तर आत्ता सांगितलं होतं. तेव्हा तिनं मला सांगितलं. दुसरा गेला तेव्हा तिची सासू सगळ्यांपुढे म्हणाली होती, हिचं दूध विषारी आहे. दोन्ही पोरांना अंगावर पाजूनच मारलं. मी जगले ती मुलगी म्हणून, चिवट म्हणून. दीक्षा घेतली तेव्हा मायनं देव सोडले, उपास सोडले, गंडेदोरे सोडले. हे एक वाक्य काही तिला सोडता आलं नव्हतं. आणि आज शिकलेल्या मुलीनं येऊन, दवाखान्याच्या भाषेत, तेच वाक्य तिला परत ऐकवलं होतं.

ती मला दारापर्यंत सोडायला आली नाही. त्यानंतर तीन आठवडे ती आमच्याकडे फिरकली नाही. मी गेले की कामात असायची. मला कुठेच बरं वाटेना. बोर्डावर बसले की घरी जावंसं वाटे, घरी आले की मायकडे जावंसं वाटे, मायकडे गेले की काय बोलावं ते कळेना. एकदा तर मला शंका आली की अमोनिया चढला. डॉक्टरांकडे जाऊन रक्त दिलं. ठीक होतं.

रक्ताचा निकाल सांगताना डॉक्टर म्हणाले, "तुमच्या आई येऊन गेल्या."

ती ओपीडीत स्वतःच्या नावाची चिठ्ठी काढून दोन तास रांगेत बसली होती. एकटी. तिचा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास होतो. ती म्हणाली, "त्रास नाही जी, विचाराचं हाय." आणि विचारलं, "मी पाजलं नसतं तं ते जगले असते काय?"

"तुम्ही काय सांगितलं?" मी विचारलं.

"जे खरं आहे ते," ते म्हणाले. "नसते जगले. पाजलं नसतं तर त्या जीवांनी स्वतःचं अंग मोडून खाल्लं असतं, आणि झालं असतं तेच. कदाचित लवकर. त्या काळात इथे कोणीच काही करू शकलं नसतं. मीसुद्धा."

"मग?"

"मग त्या उठल्या. मागे दहा माणसं होती रांगेत."

मी दवाखान्यातून तडक मायकडे गेले. ती चुलीपाशी होती. माझ्यासाठी तिनं वाटीनं मोजून भात काढला, बटाट्याची भाजी वाढली, आणि समोर बसली. मी डॉक्टरांचा विषय काढला नाही. तिनंही काढला नाही. मी अर्धी जेवल्यावर ती एकदम म्हणाली,

"लहाना लई हावरा होता. सोडतच नसे."

मी मान वर केली. ती माझ्याकडे पाहत नव्हती, चुलीतलं लाकूड मागे ओढत होती. त्या मुलाबद्दल तिनं माझ्याशी काही बोलायची ही पहिलीच वेळ.

"उपाशी नाही गेले वं," ती म्हणाली. "दोघंही पोटभर पिऊन गेले."